२०७ डीपासून ट्रॅव्हलरपर्यंत : ओएम ६१६ इंजिनाची मापं आणि तक्रारी

आज एकाच इंजिनाबद्दल बोलायचं आहे. मर्सिडीजचं ओएम ६१६. नाव कदाचित ओळखीचं वाटणार नाही, पण आवाज ओळखीचा असेल. टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये किंवा जुन्या ट्रॅक्समध्ये ज्यांनी प्रवास केला आहे, त्यांच्या कानात हा आवाज बसलेला आहे. सकाळी थंड इंजिन चालू केलं की खडखड, खडखड, आणि गरम झालं की तोच आवाज जरा मऊ होतो.

व्याख्यानाचा हेतू आधीच सांगून ठेवतो. हे इंजिन सहजासहजी मरत नाही. पण चुकीच्या निदानामुळे मालकाचा खिसा मात्र रिकामा होतो. गाडी सकाळी लवकर सुरू होत नाही एवढ्या एका तक्रारीवर पंप उतरवला जातो, तिथून आल्यावर नोझल बदलले जातात, तरी फरक पडला नाही की 'इंजिन गेलंय, हाफ करावं लागेल' असं सांगितलं जातं. एका गाडीवर घर चालणाऱ्या माणसाची ती गाडी तितके दिवस उभी राहते. आणि पुष्कळदा दोष असतो टॅपेटचा नाहीतर हीटर प्लगचा. म्हणून आज मापांपेक्षा तपासणीच्या क्रमावर जास्त वेळ देणार आहोत.

आधी थोडं कूळ. मर्सिडीजच्या चार सिलिंडर डिझेलची ही जुनी वंशावळ आहे. १९४९ च्या १७० डी मध्ये ओएम ६३६ आलं, मग ६२१, मग ६१५, आणि १९७३ मध्ये २४० डी या मोटारीत ६१६. १९७४ मध्ये त्यालाच एक सिलिंडर वाढवून पाच सिलिंडरचं ६१७ केलं. १९७७ मध्ये मर्सिडीजची नवी व्हॅन बाजारात आली. ती ब्रेमेनच्या कारखान्यात बनायची म्हणून जर्मनीत तिला ब्रेमर ट्रान्सपोर्टर म्हणतात. तिच्या २०७ डी आणि ३०७ डी या प्रकारांत हेच इंजिन होतं. जर्मनीतले पार्सलवाले, सुतार, प्लंबर, पुढे गाडीतच संसार थाटून फिरणारे लोक, सगळ्यांनी ती वापरली.

आपल्याकडे ते आलं बजाज टेम्पोमार्फत. 'टेम्पो' हे मूळचं हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. १९५८ मध्ये बजाज टेम्पो सुरू झाली आणि त्या तीनचाकीमुळे हा शब्द आपल्याकडे इतका रुळला की आज कुठल्याही कंपनीची छोटी मालगाडी 'टेम्पो'च असते. तर या कंपनीने मर्सिडीजच्या परवान्याखाली ६१६ इथे बनवायला घेतलं आणि १९८७ मध्ये ब्रेमेनच्याच व्हॅनवर बेतलेली ट्रॅव्हलर आणली. कंपनीचं नाव २००५ मध्ये फोर्स मोटर्स झालं. म्हणजे जर्मन २०७ डी आणि आपली जुनी ट्रॅव्हलर या चुलत बहिणी आहेत. तिकडच्या दुरुस्तीच्या पुस्तकातलं बरंचसं इकडे लागू पडतं. मात्र सगळं नाही. इथे पंप, फिल्टर, विजेचं सामान स्थानिक असतं, तेव्हा आपल्या गाडीच्या पुस्तकातलं माप शेवटचं माना.

आता आकडे. चार सिलिंडर, एका ओळीत. स्ट्रोक ९२.४ मिलिमीटर. बोअर सुरुवातीला ९१, नंतर ९०.९, म्हणून आकारमान आधी २४०४ आणि पुढे २३९९ सीसी. ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचं. क्रँकशाफ्टला पाच मेन बेअरिंग. कॅमशाफ्ट वर हेडमध्ये, दुहेरी चेनवर फिरणारा. कॉम्प्रेशन रेशो २१ च्या आसपास. ताकद ६५ पीएस, ४२०० आरपीएमला. सुधारित इंजिनात ७२ पीएस, ४४०० ला. टॉर्क १३७ न्यूटन मीटर, २४०० ला. फायरिंग ऑर्डर १-३-४-२.

६५ पीएस म्हणजे आजच्या छोट्या पेट्रोल गाडीपेक्षाही कमी. भरलेली व्हॅन घाटात दुसऱ्या गिअरवर रांगते ती यामुळे. अनेक तक्रारी 'पिकअप नाही' अशा येतात, तेव्हा आम्ही आधी विचारतो की पूर्वी होता का? काही गाड्यांत तो कधी नव्हताच.

या इंजिनाचा स्वभाव एका गोष्टीवर ठरतो, ती म्हणजे प्री-चेंबर. आजच्या कॉमन रेल इंजिनात डिझेल थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं, तेही हजारापेक्षा जास्त बारच्या दाबाने. इथे हेडमध्ये एक छोटी कुपी आहे. नोझल त्या कुपीत डिझेल सोडतो आणि तो उघडतो फक्त ११५ बारच्या आसपास. कुपीत अर्धवट जळून ते मिश्रण बारीक छिद्रांमधून जोराने सिलिंडरमध्ये येतं आणि तिथे उरलेलं जळतं. त्यामुळे पिस्टनवरचा धक्का सौम्य होतो, बेअरिंगं टिकतात, डिझेल थोडं हलकं-भारी असलं तरी चालतं. पण या कुपीच्या भिंती उष्णता पिऊन टाकतात. थंड इंजिनात नुसत्या दाबाने हवा पेट घेण्याइतकी तापत नाही, म्हणून हीटर प्लग लागतोच लागतो. गारठ्यात तर शंभर टक्के.

तर पहिली आणि सगळ्यात कॉमन तक्रार: सकाळी सुरू होत नाही.

हीटरपासून सुरू करा. जुन्या बनावटीत हीटर प्लग सिरीजमध्ये जोडलेले असतात, जुन्या दिवाळीच्या माळेसारखे. प्रत्येक प्लग एकदोन व्होल्टांचा, जाड तारेच्या वेटोळ्याचा. एक तुटला की चारही गार. नंतरच्या बनावटीत पेन्सिलसारखे प्लग आहेत, ते पॅरलल, प्रत्येकाला बॅटरीचे पूर्ण व्होल्ट मिळतात. तिथे एक गेला तर गाडी सुरू होते, पण पहिलं मिनिटभर हलते, पांढरा धूर टाकते आणि मग आपोआप ठीक होते. हे लक्षण सांगितलं की पुष्कळ जण नोझलकडे बोट दाखवतात. नोझल खराब असेल तर गरम झाल्यावरही त्रास राहील ना? जो दोष मिनिटभरात जातो तो बहुधा उष्णतेचा असतो. पॅरलल प्लगची वायर सोडून टेस्ट लॅम्पची एक बाजू बॅटरीच्या प्लसला आणि दुसरी प्लगच्या टोकाला लावा. दिवा पेटला तर प्लगची तार शाबूत. पाच मिनिटांचं काम. प्लग बाहेर काढलाच तर त्याच्या भोकातला कार्बनही साफ करा. कार्बनमध्ये रुतलेला नवा प्लग लवकर जळतो.

हीटर ठीक निघाले की टॅपेट. इथे जरा थांबतो, कारण या इंजिनात सगळ्यात जास्त दुर्लक्ष इथे होतं.

आजकालच्या बऱ्याच इंजिनांत टॅपेट हायड्रॉलिक असतात, ते स्वतःच गॅप सांभाळतात. ६१६ मध्ये तसं नाही. इथे गॅप हाताने ठेवावा लागतो, मूळ शिफारस साधारण २४ हजार किलोमीटरला एकदा. इनटेकचा थंड गॅप ०.१० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम कागदाइतका. एक्झॉस्टचा त्याच्या तिप्पट-चौपट, तो मॉडेलप्रमाणे बदलतो, पुस्तकात पाहूनच ठेवा. आता गंमत बघा. आपली समजूत अशी की वापराने गॅप वाढतो आणि टॅपेट वाजायला लागतात. इथे उलटं होतं. व्हॉल्व्ह रोज सीटवर आपटून सीटमध्ये हळूहळू आत बसत जातो, त्याची दांडी तेवढी वर येते, आणि गॅप कमी होतो. इंजिन उलट शांत होतं! मालक खूश, ड्रायव्हर खूश. मग एक दिवस गॅप शून्य होतो आणि व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाही. कॉम्प्रेशन त्या फटीतून निघून जातं. सकाळी गाडी सुरू होत नाही, पांढरा धूर येतो, आणि कॉम्प्रेशन गेज लावलं तर आकडा कमी दिसतो. इथे 'रिंगा गेल्या' असं निदान झालं तर ते चुकीचं असूनही गेज त्याला दुजोरा देतं. मोठा खर्च होतो तो इथे. शिवाय एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटला टेकून आपली उष्णता हेडला देत असतो. तो टेकलाच नाही तर काही महिन्यांत जळतो, आणि मग हेड खरोखरच उतरवावं लागतं.

म्हणून आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना एक नियम घातलेला आहे: टॅपेट सेट केल्याशिवाय कॉम्प्रेशन गेज हातात घ्यायचं नाही. काम अवघड नाही. १४ नंबरचे, जरा वाकवलेले पाने लागतात, कारण कॅप नट आणि लॉक नट एकमेकांवर घट्ट करायचे असतात आणि खालची स्प्रिंगची चकती फिरू द्यायची नसते. इंजिन थंड हवं. क्रँक नेहमी चालण्याच्या दिशेनेच फिरवा, उलटं कधीही नाही. फिलर गेजचं पान गॅपमध्ये जरा अडखळत सरकलं पाहिजे. पहिल्यांदा दोन तास लागतील, नंतर पाऊण तास.

टॅपेट झाल्यावर कॉम्प्रेशन बघा, इंजिन गरम असताना. चांगल्या इंजिनात २२ ते २४ बार मिळतात. १५ ही खालची मर्यादा. आणि सिलिंडरा-सिलिंडरात ३ बारपेक्षा जास्त फरक नको. चारही १९ वर असतील तर ते इंजिन अजून बरीच वर्षं काम करेल. तीन २२ वर आणि एक १४ वर असेल तर त्या एकाची चौकशी करा. सगळं इंजिन खोलायची घाई नको.

सुरू होण्याची आणखी एक भानगड म्हणजे हवा. गाडी रात्रभर उभी राहिली की डिझेल टाकीकडे उतरतं आणि लाइनमध्ये एअर येते. गंमत अशी की चालू असताना थेंबही गळत नाही, कारण टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या लाइनमध्ये ओढ असते. तिथे डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. संशयित तीन: हातपंपाचं जुनं बटण, फिल्टरची वॉशर, आणि नोझलवरचे कापडी वेष्टणाचे रिटर्न पाइप. ते पाइप काही वर्षांत कडक होऊन तडकतात. मीटरभर नवा पाइप कापून लावला की काम झालं. तपासण्यासाठी फीड पंपाच्या आधी पारदर्शक नळीचा एक तुकडा जोडा. बुडबुडे डोळ्यांनी दिसतात, वाद राहत नाही.

(सभागृहातून प्रश्न : धुराच्या रंगावरून नक्की काय समजायचं?)

रंगाने दिशा कळते, एवढंच. पांढरा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल: थंड चेंबर, कमी कॉम्प्रेशन, किंवा टायमिंग मागे. पण पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि रेडिएटरमधलं पाणी कमी होत असेल तर ते कूलंट आहे, हेड गॅस्केट बघा. काळा म्हणजे हवेच्या मानाने डिझेल जास्त. आधी एअर फिल्टर, मग नोझल, मग पंप. घाटात भरलेल्या गाडीने थोडा काळा धूर टाकणं या पिढीच्या इंजिनात नवं नाही. निळा म्हणजे ऑइल. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून आलात आणि खाली पुन्हा दाबल्यावर निळा भपका आला तर व्हॉल्व्हचे ऑइल सील, ते हेड न उतरवता बदलता येतात. सतत निळा आणि सोबत बॅक कॉम्प्रेशन असेल तर रिंगा. बॅक कॉम्प्रेशनसाठी चालू इंजिनावर ऑइलचं झाकण उलटं ठेवायची गावठी पद्धत आहे. झाकण थरथरलं तर ठीक, उडून पडलं तर काळजी.

आता टायमिंग. चेन वर्षानुवर्षं चालते, पण ताणली जाते. दर सांध्यात केसाएवढी झीज, आणि सांधे शंभरावर. चेन लांबली की कॅमशाफ्टही मागे पडतो आणि पंपही. मग गाडी सुस्त होते, थोडी जास्त तापते, सकाळी धूर करते. तपासायला कॅमशाफ्टची खूण तिच्या टॉवरच्या खुणेला जुळवायची आणि खाली क्रँकच्या पुलीवर किती अंश दिसतात ते वाचायचं. थोडा फरक असेल तर कॅमशाफ्टला सरकलेल्या पायरीची चावी टाकून सुधारता येतो. फरक मोठा असेल तर चेन बदला. जुन्या चेनच्या टोकाला नवी जोडून ती हळूहळू आत ओढता येते, इंजिन खोलावं लागत नाही. चेन तुटली मात्र, तर व्हॉल्व्ह आणि पिस्टनची टक्कर होते. इतक्या कॉम्प्रेशनच्या इंजिनात त्यांच्यामध्ये जागाच नसते.

चेन दुरुस्त केल्यावर पंपाचं टायमिंग पुन्हा तपासायचं, हे विसरलं जातं. जर्मन मोटारीतल्या इंजिनात डिझेल सुटण्याची सुरुवात पिस्टन वर पोचण्याच्या २४ अंश आधी ठेवतात. त्याची पद्धत फार छान आहे, तिला कुठलंही इलेक्ट्रॉनिक यंत्र लागत नाही. पंपाच्या पहिल्या लाइनचा डिलिव्हरी व्हॉल्व्ह आतून मोकळा करायचा, वर एक वाकडी नळी लावायची, हातपंपाने डिझेल वाहतं ठेवायचं आणि क्रँक हळूहळू फिरवायचा. धार बारीक होत होत थेंबांवर येते. सेकंदाला एक थेंब झाला की थांबायचं आणि पुलीवरचा अंश वाचायचा. स्वच्छता मात्र ऑपरेशन थिएटरसारखी हवी. त्या व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण गेला तर पंपवाल्याकडे जावंच लागेल.

गरम होण्याच्या तक्रारीबद्दल थोडक्यात. पंखा, बेल्ट, रेडिएटरमधला गाळ हे सगळे बघतात. बोलायचं आहे ते थर्मोस्टॅटबद्दल. 'आपल्याकडे गरमी आहे, थर्मोस्टॅट कशाला' म्हणून तो काढून फेकायची पद्धत पडली आहे. या इंजिनाचा थर्मोस्टॅट दोन कामं करतो. साधारण ८० अंशांना तो रेडिएटरची वाट उघडतो आणि त्याच वेळी दुसऱ्या चकतीने बायपासची वाट बंद करतो. तो काढलात तर बायपास कायमचा उघडा. चढावर बरंचसं पाणी रेडिएटरला न जाता इंजिनातच गोल फिरतं, आणि सपाटीवर इंजिन नको इतकं थंड राहतं. थंड इंजिन डिझेल जास्त पितं आणि सिलिंडर लवकर झिजवतं. म्हणजे दोन्हीकडून तोटा. तो जुना झाला असेल तर नवा टाका, काढून टाकू नका.

(प्रश्न : हे इंजिन लाखो किलोमीटर चालतं असं ऐकतो. ते खरं का?)

ग्रिगोरिओस साखिनिदिस नावाचे एक ग्रीक टॅक्सीवाले होते. त्यांची २४० डी ४६ लाख किलोमीटर चालली आणि २००४ मध्ये मर्सिडीजने ती आपल्या संग्रहालयासाठी घेतली. ही गोष्ट खरी आहे. पण ती सांगताना एक तपशील गळतो: तेवढं अंतर गाडीने कापलं, एका इंजिनाने नव्हे. त्यांनी इंजिनं आलटून पालटून बसवली, एक गाडीत असताना दुसरं दुरुस्त होत असे. आमच्या मते त्या माणसाची खरी हुशारी तीच. आपल्या व्हॅनचं काम मोटारीपेक्षा जड, भार जास्त, धूळ जास्त. टॅपेट, ऑइल, एअर फिल्टर वेळच्या वेळी झाले तर काही लाख किलोमीटरची अपेक्षा ठेवायला हरकत नाही.

(प्रश्न : माझ्याकडच्या जुन्या इंजिनाचे आरपीएम एकदम वाढले, चावी बंद करूनही थांबेना. असं का झालं?)

हा प्रश्न आला ते बरं झालं, यात जिवाला धोका आहे. जुन्या पंपांवर व्हॅक्युमचा गव्हर्नर असतो. ॲक्सिलरेटर हवेच्या वाटेतली एक झडप हलवतो. झडप बंद असताना तिथे ओढ तयार होते, ती एका पाइपने पंपाच्या पडद्यापर्यंत जाते आणि पडदा डिझेल कमी करतो. पडदा फाटला किंवा तो पाइप तडकला तर ओढ पोचत नाही. मग स्प्रिंग रॅकला पूर्ण डिझेलवर ढकलते आणि इंजिन सुसाट सुटतं. दुसरं कारण म्हणजे झिजलेलं इंजिन ब्रीदरमधून स्वतःचंच ऑइल ओढून जाळायला लागतं. तेव्हा डिझेल बंद करूनही उपयोग नसतो.

अशा वेळी आधी गाडीवर ताबा: क्लच दाबून ठेवू नका, भार निघाला की आरपीएम आणखी चढतात. वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबलेला, आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडा. गाडी उभी असेल आणि बॉनेट उघडता येत असेल तर स्टॉपचा लिव्हर हाताने ओढा. तरी थांबलं नाही तर हवेचं तोंड लाकडी फळीने झाका. हात किंवा सैल कापड कधीही लावू नका, ओढ फार जबर असते. लोकांना पंख्यापासून लांब ठेवा.

पडदा तपासायला इंजिन बंदच हवं. पंपावरचा स्टॉप लिव्हर दाबून धरा, व्हॅक्युमचा पाइप काढून त्या निपलवर अंगठा घट्ट ठेवा आणि लिव्हर सोडा. तो थोडा मागे येऊन तिथेच धरून राहिला तर पडदा शाबूत आहे. सरळ पूर्ण मागे आला तर फाटला आहे. तो बदलेपर्यंत ती गाडी रस्त्यावर काढू नका, भाडं बुडलं तरी.